आवाज येतोय, तुम्ही जाऊ नका

गुरुवारी आमच्याकडे लाइट जाते. एमआयडीसीच्या आसपास राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको, कारखान्यांना सुट्टी असते म्हणून दुरुस्तीची कामं त्याच दिवशी काढतात. चार वर्षांपूर्वीच्या अशाच एका गुरुवारी दुपारी मी जेवून आडवा झालो होतो, लाइट गेली, पंखा फिरत फिरत थांबला आणि तेव्हा पहिल्यांदा तो आवाज मला स्वच्छ ऐकू आला. बारीक, सरळ, कुठेही न तुटणारा. पूर्वी रात्री टीव्हीवरचे कार्यक्रम संपले की पट्ट्यापट्ट्यांचं चित्र यायचं आणि एक सूर लागायचा ना, तसा, फक्त त्याहून बारीक. बायकोला म्हणलं, कसला आवाज येतोय गं? ती म्हणाली, कुठे काय. मी उठून फ्रीजपाशी गेलो, मग मीटरच्या बॉक्सला कान लावला, मग गॅलरीत गेलो. आवाज माझ्याबरोबर गॅलरीत आला.

बावीस वर्षं भोसरीत प्रेस शॉपला काढली आहेत. पत्रा ठेवायचा, प्रेस खाली येणार, धाड. शेजारच्या मशीनवर पण धाड. माणसाशी बोलायचं तर कानात तोंड घालून ओरडायला लागतं आणि घरी आल्यावर मुलं म्हणतात बाबा एवढं मोठ्याने का बोलताय. कानात घालायचे प्लग मिळायचे पण मशीनचा आवाज बदललेला कळायला पाहिजे म्हणून आम्ही बरेच जण ते काढून ठेवायचो, डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, सैल झाला की आधी कानाला कळतं, हे खरंच आहे. पण त्याची किंमत काय असते हे तेव्हा कोणी बसवून सांगितलं नाही.

कानाच्या डॉक्टरांनी ऑडिओमेट्री केली. काचेच्या खोलीत हेडफोन लावून बसायचं, बीप ऐकू आला की बटण दाबायचं. नंतर आलेख दाखवला, रेष सरळ चालत येते आणि 4000 हर्ट्झला खड्ड्यात पडते, पुढे परत थोडी वर येते. हा खड्डा गोंगाटात काम करणाऱ्यांच्या कानाची खूण असते म्हणाले. आतल्या कानात केसासारख्या बारीक पेशी असतात, त्या एकदा गेल्या की माणसात परत उगवत नाहीत, आणि जिथून खरा आवाज येणं कमी झालं तिथला आवाज मेंदू स्वतःच भरून काढतो, असं काहीसं त्यांनी समजावलं. टिनिटस हा शब्द तेव्हाच कळला. औषध? तर नाही. सवय करून घ्या. बाहेर पुढचा पेशंट उभा होता, मी फाइल घेऊन निघालो. डॉक्टरांचं चुकीचं काहीच नव्हतं, पण सवय करून घ्या म्हणजे नक्की काय करायचं, ते कोणी सांगत नाही.

मग मी शांततेला घाबरायला लागलो. डिसेंबरात सुद्धा पंखा चालू, बायको गोधडीत गुंडाळून झोपायची. उशाला बारीक आवाजात रेडिओ, नंतर मोबाइलवर पावसाचा आवाज. त्याचा उपयोग होत नाही असं अजिबात नाही, डॉक्टर लोक पण हे सुचवतात आणि ज्यांना झोप लागत नाही त्यांनी जरूर करावं. पण माझं असं झालं की गावी गेलो तरी नको वाटायचं, कारण गावाला रात्री खरीखुरी शांतता असते.

योगवर्गाला गेलो तो कंबरेसाठी. निगडीत एक ताई वर्ग घेतात, वयाने माझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी मोठ्या, अय्यंगार पद्धतीत शिकलेल्या, म्हणजे पट्टे, विटा, लोड, घोंगड्या, भिंतीला दोर, सगळा सरंजाम. कंबर तीन महिन्यांत बरीच सुधारली. त्रास होता तो शेवटच्या दहा मिनिटांचा. सगळे शवासनात गेले, ताईंनी पंखे बंद केले, की वीस माणसं गप्प आणि माझ्या उजव्या कानात शिट्टी सुरू. मी डोळे उघडून छताकडे बघत पडायचो. एकदा धीर करून सांगितलं की ताई, बारीक संगीत लावता येईल का. त्यांनी कारण विचारलं, सगळं ऐकून घेतलं, आणि म्हणाल्या पुढच्या वेळी तुम्हाला बँडेज बांधते.

हे बँडेज म्हणजे साधं क्रेप बँडेज, मेडिकलमध्ये पाय मुरगळल्यावर घेतो तेच, चार इंच रुंद. ही पद्धत घडवणाऱ्या बी. के. एस. अय्यंगार गुरुजींनी ते डोक्याला गुंडाळायला वापरलं, आणि पुण्यात 1975 साली त्यांची संस्था सुरू झाली तिथून शिकून गेलेल्या माणसांनी ते कुठे कुठे नेलं. डोक्याच्या मागून सुरुवात करतात, एक फेरी कपाळावरून, मग डोळ्यांवरून, कानांवरून, नाक मोकळं. घट्ट अजिबात नाही. गाठ मारायची नाही, टोक कानशिलापाशी आत खोचायचं. ते बांधताना ताईंची बोटं कपाळाची कातडी किंचित खाली, भुवयांच्या दिशेने उतरवत होती, आणि तेवढ्याने माझा जबडा सुटला, तो आवळलेला होता हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं.

पण मग मी आडवा झालो आणि कान झाकल्यामुळे आवाज दुप्पट झाला. बाहेरचं सगळं बंद, आतलं सगळं चालू. श्वास, छातीतली धडधड, आणि त्यावर ती शिट्टी. मिनिटभरात मी उठून बसलो आणि बँडेज ओढून काढलं. ताई शेजारी येऊन बसल्या. मी म्हणलं, वाढतोय. त्या म्हणाल्या, “वाढू दे. आवाज येतोय ना, येऊ दे, तुम्ही त्याला भेटायला जाऊ नका. दारावरची बेल वाजली की दर वेळी आपणच उठायला पाहिजे असं थोडंय.”

त्या दिवशी मला ते पटलं नाही, पण घरी आल्यावर डोक्यातून जाईना, कारण मी इतके दिवस नेमकं तेच करत होतो. उठून दार उघडून बघत होतो की आज किती मोठा आहे, कालच्यापेक्षा वाढलाय का, डाव्या कानातही सुरू झालाय का.

प्रत्याहार हा शब्द त्यांनी नंतर सांगितला. रविवारी वर्ग झाल्यावर तासभर त्या पातंजल योगसूत्रं वाचतात, ज्याला बसायचं त्याने बसावं. त्यांच्या दुसऱ्या भागाच्या, साधनपादाच्या अगदी शेवटी, 54 वं आणि 55 वं, अशी दोनच सूत्रं आहेत प्रत्याहारावर. त्याच्या आधी प्राणायाम, त्याच्या पुढे धारणा, म्हणजे आठ अंगांतलं हे पाचवं, बाहेरचं आणि आतलं यांच्या मधल्या उंबरठ्यावरचं. स्वविषयासंप्रयोगे चित्तस्य स्वरूपानुकार इवेन्द्रियाणां प्रत्याहारः. इंद्रियांचा आपापल्या विषयाशी असलेला संबंध सुटला की ती जणू चित्ताच्याच रूपासारखी होऊन राहतात, असा साधारण अर्थ. यात कान बंद करा, डोळे मिटा, असं कुठेही म्हणलेलं नाही. आणि ते बरंच आहे, डोळ्याला पापणी आहे, तोंडाला ओठ आहेत, कानाला देवाने झाकण दिलेलंच नाही, माझ्या कानाला तर झाकण लावूनही उपयोग नाही. मला मोठा धीर आला तो त्या ‘असंप्रयोग’ शब्दाने. विषय असेल, इंद्रियही शाबूत असेल, फक्त दोघांची गाठ पडायला मध्ये कोणीतरी लागतं, आणि ते कोणीतरी म्हणजे आपण.

(शाळेत संस्कृत घेतलेल्यांना प्रत्याहार म्हणलं की अच् आणि हल् आठवेल. पाणिनीच्या व्याकरणात ‘अच्’ या दोन अक्षरांत सगळे स्वर गोळा होतात. योगातला अर्थ वेगळा, पण गोळा करून जवळ आणणं हे दोन्हीकडे आहेच, शब्दाच्या पोटातलंच आहे ते.)

प्रत्याहाराच्या या सूत्रावर व्यासभाष्यात, म्हणजे योगसूत्रांवरच्या जुन्या टीकेत, मधमाश्यांचा दाखला आहे. मधमाश्यांचा राजा उडाला की बाकीच्या त्याच्यामागे उडतात, तो बसला की बसतात, तशी चित्त थांबलं की इंद्रियं थांबतात, त्यासाठी वेगळे उपाय करावे लागत नाहीत. ताईंनी हे वाचलं आणि माझ्या अंगावर काटा आला, कारण हे मी बघितलंय.

माझं आजोळ महाबळेश्वरच्या खालच्या अंगाला, जावळीत. मामाकडे मधाच्या पेट्या होत्या, सातेरी माश्यांच्या. होळीच्या सुमारास एकदा एक पेटी फुटली, म्हणजे निम्म्या माश्या राणीला घेऊन बाहेर पडल्या आणि अंगणाच्या कडेला जांभळीच्या फांदीवर घोस करून लटकल्या. हंडीएवढा घोस, सतत हलणारा, आणि त्याचा तो घूं आवाज. मी नऊ-दहा वर्षांचा, मला वाटलं आता मामा जाळी घेऊन माश्या पकडणार, कशा पकडणार एवढ्या. मामा काहीच घाईत नव्हता. त्याने बिडी विझवली, फांदीखाली रिकामी पेटी धरली, फांदीला एक झटका दिला, अर्धा घोस पेटीत पडला आणि अर्धा हवेत उडाला. मी घरात पळालो. खिडकीतून बघतोय तर मामा पेटीपाशी उकिडवा बसून आत बघतोय, आणि मग म्हणाला, “आली गं बया आत.” राणी आत पडली होती. त्याने पेटी झाकली, पुढचं भोक उघडं ठेवलं आणि लांब जाऊन बसला. पुढच्या अर्ध्या-पाऊण तासात त्या हवेतल्या सगळ्या माश्या एकेक करून पेटीच्या फळीवर उतरल्या आणि रांगेने चालत आत गेल्या. चालत! कोणी हाकललं नाही. राणी बाहेर राहिली असती तर मात्र पेटीत पडलेल्या सुद्धा परत उडून फांदीवर गेल्या असत्या, असं मामा सांगायचा.

भाष्यकारांनी राजा म्हणलंय आणि आपल्याला आता माहीत आहे की ती राणी असते, पण बघणाऱ्याने बघितलेलं बरोबर आहे. मी इतके दिवस एकेक माशी पकडत होतो. रेडिओ लाव, पंखा लाव, कानात कापूस घाल.

यावर कासवाचा दाखला सगळ्यांना पाठ असतो, गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला. आपल्याकडे महादेवाच्या देवळात नंदीच्या पुढे जमिनीत दगडी कासव असतं, आजी त्याला हात लावून मग आत जायची आणि आम्हाला सांगायची, पाय आत घे त्याच्यासारखे, मग देवाकडे बघ. लहानपणापासून माझ्या डोक्यात प्रत्याहार म्हणजे तेच, आखडून घेणं, कवचात बसणं. पण ज्ञानेश्वरी काढून बघा, माउलींनी कासवाचं आखडणं नंतर सांगितलंय, आधी काय तर “उवाइला अवेव पसरी”, खुशीत असलं की ते अवयव पसरतं, आणि मग “इच्छावशें आवरी”. पसरणं पण त्याच्या मर्जीचं, आवरणं पण मर्जीचं. घाबरून आखडलेलं कासव ते नव्हे. बँडेज ओढून काढणारा मी म्हणजे घाबरलेलं कासव होतो, आणि पंखा लावून झोपणारा पण तोच.

त्याच्या लगेच पुढे माउली जिभेबद्दल सांगतात. बाकीची इंद्रियं आवरली आणि जिभेला मोकळं सोडलं, तर ते झाडाची वरवरची पालवी खुडून मुळाशी पाणी घालण्यासारखं आहे. तिथे विषय खाण्याचा आहे हे उघड आहे. पण ताईंनी शवासनात शिकवलेली पहिली गोष्ट पण जीभच होती, वेगळ्या अंगाने. म्हणाल्या, जीभ टाळूला चिकटलीय का बघा, चिकटली असेल तर ती मनातल्या मनात बोलतेय. आणि खरंच, मनात काही वाक्य चाललेलं असलं की जिभेच्या मुळाशी बारीकशी हालचाल असते, आत्ता हे वाचताना सुद्धा असेल, बघा लक्ष देऊन. ती खालच्या जबड्यात पसरून सोडून दिली की वाक्यं अर्ध्यात तुटायला लागतात. त्यानंतर डोळे. पापण्या मिटल्या तरी बुबुळं पुढे येऊन बघतच असतात, त्यांना मागे सोडायचं, विहिरीत खडा सोडल्यावर तो जसा आपला आपण खाली जातो तसं. कान सगळ्यात शेवटी, कारण ते सगळ्यात हट्टी. आणि या सगळ्याच्या आधी पाच-सात मिनिटं पडूनच श्वास लांब करायचा, विशेषतः सोडलेला श्वास. प्राणायामाच्या नंतर प्रत्याहार का ठेवलाय हे मला पुस्तकातून कळलं नसतं, ते उच्छ्वासाच्या शेवटी जो एक छोटा थांबा येतो ना, तिथे कळलं. तिथे क्षणभर कोणीच दार उघडायला जात नाही.

घरी मी हे रात्री जेवणाच्या आधी करायला लागलो, साडेसातला, बेडरूममध्ये, जमिनीवर सतरंजी. वेळ वाईट आहे खरं तर, कारण तेव्हाच आमच्या आणि खालच्या-वरच्या सगळ्या स्वयंपाकघरांत कुकर लागलेले असतात. आणि कुकरची शिट्टी ही अशी चीज आहे की आपल्याकडे कोणीही ती नुसती ऐकत नाही, मोजतो. आपला कुकर नसला तरी मोजतो. शेजाऱ्यांच्या झाल्या तीन, बंद कसा करत नाहीत, डाळ लागेल ना. पहिले काही महिने माझं हेच चाललेलं असायचं, कानातल्या शिट्टीपासून सुटलो की कुकरच्या शिट्टीला भेटायला जायचो. पण त्यातून एक गोष्ट डोळ्यांनी दिसावी इतकी स्पष्ट दिसायला लागली, की शिट्टी ऐकू येणं वेगळं आणि ‘दोन’ म्हणणं वेगळं. दोन्हींच्या मध्ये अगदी केसाएवढी फट आहे. आवाज येतो, आणि मग कोणीतरी आतून निघून तिथपर्यंत जातं आणि आकडा लावून परत येतं. ते निघताना दिसायला लागलं की कधीकधी ते निघतच नाही.

मागच्या श्रावणातली गोष्ट. मी बँडेज बांधून पडलो होतो, बायको मधेच खाली गेली होती दळण आणायला, जाताना काहीतरी बोलून गेली. पंधरा-वीस मिनिटांनी मी उठलो, बँडेज सोडलं, स्वयंपाकघरात गेलो तर ती नुकतीच आली होती आणि गॅससमोर उभी. म्हणाली, “अहो किती झाल्या?” मी म्हणलं, काय किती. “शिट्ट्या! सांगून गेले ना, चार झाल्या की बंद करा.” मी गप्प. मला शिट्ट्या ऐकू आल्या होत्या, हे मी शपथेवर सांगतो, झोप लागली नव्हती. आवाज आले होते आणि गेले होते, गॅलरीतून चिमण्या उडून जाव्यात तसे. पण किती, ते मला सांगता येईना. आणि तिथे उभं असतानाच लक्षात आलं की कानातली शिट्टी पण या सगळ्या वेळात होती, आणि तिच्याकडेही मी गेलो नव्हतो. डाळ खाली लागली होती. बायको चिडली, आणि बरोबरच होतं तिचं, मी सॉरी म्हणून कुकर घासायला घेतला आणि घासताना माझे डोळे भरून आले. तिला वाटलं तिच्या बोलण्याने.

ताईंना सांगितलं तेव्हा त्यांनी शाबासकी वगैरे दिली नाही, भाष्यातलं पुढचं पान काढलं. 55 व्या सूत्रावर, इंद्रियं पूर्ण ताब्यात येणं म्हणजे काय यावर तिथे एकाहून जास्त मतं दिलेली आहेत. कोणी म्हणतं विषयांचं व्यसन नसणं. कोणी म्हणतं आपल्या मर्जीने विषयाशी संबंध ठेवणं. कोणी म्हणतं आवड-नावड नसताना, सुखदुःख न चिकटता, शब्दाचं नुसतं ज्ञान होणं. आणि शेवटी जैगीषव्य नावाच्या ऋषींचं मत, की चित्त इतकं एकाग्र होतं की विषयाची दखलच घेतली जात नाही, आणि भाष्यकारांचा कौल त्यांच्याच बाजूने आहे. तुमचं झालं ते अलीकडचं आहे, पलीकडचं नाही, एवढंच ताई म्हणाल्या. मला ते अलीकडचंही खूप आहे.

एक विचार माझ्या मनात बरेच दिवस होता तो इथे लिहितो, कारण हा आवाज असलेल्या माणसाला तो येतोच. हठयोगात कान, डोळे, नाक, तोंड बोटांनी मिटून आतला नाद ऐकायला सांगितलाय, हठप्रदीपिका या ग्रंथात चौथ्या उपदेशात, म्हणजे अध्यायात, तो नाद कधी भुंग्यासारखा कधी बासरीसारखा असं वर्णन आहे. मग मला ऐकू येतं ते काय, नादच की काय? एका ओळखीच्यांनी मला मनापासून सांगितलंही की तुमच्यावर कृपा आहे. ताईंनी मात्र सरळ सांगितलं की नाही, तुमचा कान दुखावलेला आहे, तो आजार आहे, त्याला देव करू नका. आणि षण्मुखी मुद्रा, म्हणजे अंगठे कानात, बोटं डोळ्यांवर, ती मला करू दिली नाही अजून. हे मला त्यांचं फार आवडतं. कोणाला नव्याने असा आवाज सुरू झाला असेल, त्यातून एकाच कानात असेल किंवा एकदम ऐकू कमी आलं असेल, तर आधी कानाच्या डॉक्टरांकडे जा, लगेच जा, सतरंजी नंतर.

मार्चमध्ये परत ऑडिओमेट्री केली. खड्डा तिथेच आहे, तेवढाच. आता मात्र प्लग घातल्याशिवाय शॉपमध्ये पाऊल टाकत नाही, नवीन आलेल्या पोरांना पण हातात देतो आणि माझा आलेख मोबाइलवर दाखवतो. हे लिहितोय तेव्हा रात्रीचे पावणेअकरा झालेत, पंखा बंद आहे, उजव्या कानात तो आहे. मामा आता ऐंशीच्या पुढे गेलाय, पेट्या दोनच उरल्यात. होळीला जायचंय, पेटीजवळ बसून ऐकायचंय एकदा, बायको म्हणाली मी पण येते.